सीमाभागातल्या योग शिक्षकांना संघटना काय मदत करते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावच्या टिळकवाडीत सकाळचा क्लास घेते आणि संध्याकाळी आमच्या योग शिक्षक संघटनेचा फोन सांभाळते. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, तिकडे हल्याळ-जोयडा, कधी कधी पार बिदरच्या भालकीकडून पण फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. संघटना नक्की काय करते? नोकरी लावून देते का?

नोकरी लावून देत नाही, हे आधीच सांगते म्हणजे नंतर नाराजी नको. शाळा, हॉस्पिटल, अपार्टमेंटवाले शिक्षक मागतात तेव्हा त्या भागातल्या सदस्यांना आपण कळवतो, पुढचं बोलणं तुमचं तुम्ही करायचं. खरं काम वेगळंच आहे. वकिलांची असोसिएशन असते, रिक्षावाल्यांची युनियन असते, पण योग शिकवणारी बाई पहाटे साडेपाचला चटई काखेत घेऊन एकटीच निघते आणि एकटीच परत येते, कोणी फी बुडवली, क्लासमधे कोणाची मान आखडली, हॉलवाल्याने कुलूप लावलं की ती घरी येऊन गप्प बसते. तसं गप्प बसावं लागू नये म्हणून ही संघटना आहे. कागद, फी, विमा, बदली शिक्षक, भांडण मिटवणं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकत्र बसून एकमेकांकडून शिकणं, एवढं सगळं यात आलं.

२. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही, पण गुरुजींकडे २० वर्षं शिकले. सदस्य होता येईल का?

येईल. तुम्ही कोणाकडे शिकलात, किती वर्षं शिकवताय हे लिहून द्या, दोन जुने सदस्य तुमचा एक क्लास बघायला येतील. त्याला परीक्षा समजून घाबरू नका, ते मागच्या चटईवर बसून क्लासच करतात. आमच्यातल्या सगळ्यात चांगल्या शिक्षकांपैकी काहींकडे भिंतीवर लावायला एक कागद नाही आणि त्यांचे विद्यार्थी पावसातसुद्धा येतात. पण सरकारी काम, शाळा, कंपनी, रिसॉर्ट असं काही करायचं असेल तर कागद लागतोच, तो कुठला ते प्रश्न ४ मधे बघा. आणि एक लक्षात ठेवा, आमचं सदस्यत्व म्हणजे सर्टिफिकेट नाही, ते तसं म्हणून पत्रकावर छापू नका.

३. योग शिकवायला सरकारी लायसन लागतं का?

नुसतं शिकवायला लायसन असं काही नाही. डॉक्टरांना नोंदणीची सक्ती असते तशी योग शिक्षकांना नाहीये. गडबड होते ती उपचारावर. योगाने रोग बरा करतो म्हणून पेशंट तपासायचे, नावापुढे डॉक्टर लावायचं, हे बीएनवायएस (निसर्गोपचार आणि योगाची डिग्री) झालेल्यांचं काम, तो इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा डिग्री कोर्स आहे आणि कर्नाटकात त्या डॉक्टरांची नोंदणी १९६१ च्या कायद्याखाली होते. तुम्ही शिक्षक आहात तर 'शुगर ३० दिवसात गायब' असलं पोस्टर लावू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीवर कारवाई होते, पण मला त्याहून काळजी वाटते ती पोस्टर वाचून गोळ्या बंद करणाऱ्या माणसाची. असं एक पोस्टर मी स्वतः उभं राहून काढायला लावलंय, आणि परत दिसलं तर परत काढायला लावीन.

४. वायसीबी, योगा अलायन्स, इंडियन योग असोसिएशन, कैवल्यधाम... यातलं कुठलं घेऊ?

ही चार वेगवेगळ्या प्रकारची नावं आहेत, तिथेच सगळ्यांचा घोळ होतो.

वायसीबी म्हणजे योगा सर्टिफिकेशन बोर्ड, केंद्राच्या आयुष मंत्रालयाचं, २०१८ पासून. ते परीक्षा घेतं, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही. खालून वर चढत गेलं तर प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, मग वेलनेस इन्स्ट्रक्टर, मग टीचर अँड इव्हॅल्युएटर, मग मास्टर. कोर्स करून जायचं तर पहिल्याला २०० तास, दुसऱ्याला ४००, तिसऱ्याला ८०० असा हिशेब धरतात. इथे राहून शाळा, सरकारी आरोग्य केंद्र, कंपनी यात शिकवायचं असेल तर मी हेच घ्या म्हणीन.

योगा अलायन्स ही अमेरिकेतली खाजगी ना-नफा संस्था, १९९९ ची. ती परीक्षा घेत नाही, तिच्याकडे नोंदलेल्या स्कूलमधे २०० तासांचा कोर्स केला की तुमची आरवायटी, म्हणजे नोंदणीकृत योग शिक्षक, म्हणून नोंद होते. गोव्यातले रिसॉर्ट आणि बाहेरदेशचे लोक हे विचारतात, आणि गोवा आपल्याला चोर्ला घाट उतरला की आलाच, म्हणून आपल्या पोरांना याचं आकर्षण जास्त. सीझनला तिकडे जायचं पक्कं असेल तरच एवढे पैसे घाला.

इंडियन योग असोसिएशन ही २००८ साली देशातल्या मोठ्या योगसंस्थांनी एकत्र येऊन काढलेली संस्था, म्हणजे आपल्यासारखीच पण राष्ट्रीय पातळीवरची. आणि लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ चं, पुण्याची अय्यंगार इन्स्टिट्यूट १९७५ ची, या परंपरा आहेत, तिथे शिकायला जायचं ते शिकण्यासाठी. जमत असेल तर जाच.

५. फी किती घ्यावी? योगाचे पैसे मागायला लाज वाटते.

सगळ्यात जास्त फोन याचे येतात आणि बहुतेक बायकांचे येतात, त्यामुळे याला जरा जास्त जागा देते.

मी पण पहिली काही वर्षं मागितली नाही. दाराशी कुंद्याचा रिकामा डबा ठेवायची, ज्याला जे वाटेल ते टाका म्हणायची. महिनाअखेरीला डबा उघडला की तळाला चुरगळलेल्या दहा-वीसच्या नोटा, एखादी पन्नासची, आणि नियमित येणाऱ्या निम्म्या लोकांचं काहीच नाही. ते वाईट नव्हते हो. त्यांना कळतच नव्हतं किती टाकायचं, आणि मी सांगत नव्हते. शेवटी शहापूरच्या एका काकूंनी क्लासनंतर थांबून सांगितलं, 'मॅडम, तुमी आकडा सांगूनच टाका की, आमाला दरखेपेला ओशाळल्यागत होतंय.' तेव्हा कळलं की माझ्या लाजेचं ओझं मी त्यांच्यावर टाकत होते.

आता हिशेब करून बघू. समजा हॉलचं भाडं महिन्याला ३००० रुपये, पेट्रोल १२००, लाईट आणि झाडलोट ३००, झाले ४५००. समजा १५ जण ५०० प्रमाणे देतात, आले ७५००. उरले ३०००. महिन्यात २६ दिवस क्लास म्हणजे दिवसाला ११५ रुपये, आणि त्यासाठी तुम्ही पहाटे साडेचारला उठता, घरचा डबा अर्धवट टाकून जाता, आणि सुट्टी घ्यायची म्हटली तरी जीव खालीवर होतो. हा हिशेब एकदा स्वतःच्या वहीत स्वतःच्या आकड्यांनी मांडा, मग लाज वाटते का सांगा.

संघटना दर ठरवून देत नाही, कारण शहरातली टिळकवाडी आणि खानापूरकडचं जांबोटी खेडं एका मापाने मोजता येत नाही. पण तुमच्या भागातले सदस्य काय घेतात ते आम्ही सांगतो, म्हणजे कोणी एकटं फार खाली जात नाही. फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आधी, घ्या, पावती द्या. ज्याला खरंच परवडत नाही त्याला फुकट शिकवा, आम्ही सगळेच दोन-तीन जणांना शिकवतो, पण कोणाला शिकवायचं ते तुम्ही ठरवा, डब्यावर सोडू नका.

६. जीएसटी भरावा लागतो का?

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, आणि आपल्यातले बहुतेक जण त्याच्या जवळपास पण नाहीत. मोठं सेंटर चालवत असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून योग सेंटर, जिम वगैरेवर १८ टक्क्यांच्या जागी ५ टक्के झालाय, पण मग खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही. नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टच्या योगवर्गांना वेगळी सूट आहे, ती ट्रस्टला आहे, ट्रस्टच्या हॉलमधे स्वतःचा क्लास घेणाऱ्याला नाही. इन्कम टॅक्ससाठी मात्र फी उत्पन्नात धरली जातेच, म्हणून पावतीपुस्तक ठेवा.

७. क्लासमधे कोणाला इजा झाली तर जबाबदार कोण?

निष्काळजीपणा दिसला तर शिक्षक, हे साधं उत्तर. फी घेतली की ती सेवा झाली, आणि ग्राहक आयोगात तक्रार होऊ शकते.

माझ्याच क्लासातली गोष्ट सांगते. सत्तरीच्या एक आजी, रोज येणाऱ्या, त्या दिवशी पुढे वाकून वर आल्या आणि पांढऱ्याफटक पडून भिंतीला टेकल्या. पाणी दिलं, पाय वर करून झोपवलं, मुलाला फोन केला. नंतर कळलं की त्याच आठवड्यात बीपीची गोळी बदलली होती. त्यांनी सांगितलं नव्हतं हे खरं, पण मी पण वर्षापूर्वी फॉर्म भरून घेतल्यावर परत विचारलं नव्हतं. तेव्हापासून दर सोमवारी क्लास सुरू करताना मोठ्याने विचारते, गोळी बदलली का, कुठे दुखतंय का, ऑपरेशन ठरलंय का. अर्धा मिनिट लागतो.

संघटनेकडे प्रवेशाचा आणि आरोग्याचा फॉर्म मराठी आणि कन्नडमधे तयार आहे, मागून घ्या. पण फॉर्मवर सही घेतली म्हणजे आपण सुटलो असं अजिबात नाही. इजा झाली तर त्याच दिवशी वहीत लिहा: कुठलं आसन, किती वाजता, तुम्ही काय केलं, कोण कोण हजर होतं. आणि आम्हाला त्याच दिवशी फोन करा, आठवड्याने नको. आमच्यातलं कोणीतरी तुमच्याबरोबर त्या माणसाच्या घरी जातं. निम्मी प्रकरणं आपण भेटायला जाऊन विचारपूस केली की तिथेच शांत होतात, कारण लोकांना राग इजेपेक्षा शिक्षकाने तोंड फिरवल्याचा जास्त असतो. व्यावसायिक जबाबदारीचा विमा काही जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे विचारून मिळतो, घेताना योग शिकवणं त्यात धरलंय का ते पॉलिसीत लिहिलेलं बघा, एजंटच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका.

८. बीपी, काचबिंदू, स्लिप डिस्कवाल्यांना घ्यायचं की नाही?

घ्यायचं, डॉक्टरांना विचारून या असं सांगून. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन आणि डोकं बराच वेळ खाली राहील असं काहीच नको, डोळ्याचा दाब वाढतो. बीपी जास्त असेल तर जोराची कपालभाती आणि श्वास कोंडून धरणं नको. कंबरेतून पाय खाली कळ येत असेल तर पुढे वाकवू नका. गरोदर बाईला पोटावर झोपवायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण नुकतं बाळंतपण झालेलीला कोणी विचारत नाही, तिला विचारा. यावर आम्ही फिजिओथेरपिस्टना बोलावून शिबिर घेतो, त्याला या.

९. मी आजारी पडले किंवा बाळंतपण आलं तर क्लास मोडतो. काही सोय?

आहे, आणि माझ्या मते संघटनेचं हेच सगळ्यात मोलाचं काम आहे. बदली शिक्षकाची यादी आहे. बदलीवर आलेला शिक्षक त्या दिवसांची फी घेतो, पण तुमचे विद्यार्थी नेत नाही, हा आमचा पहिला नियम आणि तो मोडला तर नाव यादीतून जातं. वडगावची एक शिक्षिका बाळंतपणात चार महिने घरी होती, तीन जणींनी वार वाटून घेऊन तिचा क्लास चालवला. ती परत आली त्या सकाळी तिची चटई पुढे अंथरून ठेवलेली होती आणि बाजूला बाळासाठी दुपटं. अट एकच, तुम्ही पण वर्षात काही दिवस दुसऱ्याच्या बदलीवर जायचं.

१०. पेन्शन, अपघात विमा असं काही?

संघटनेची स्वतःची पेन्शन नाही, तेवढी ताकद नाही. पण सरकारी योजनांचे फॉर्म आम्ही बसून भरून देतो. बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. जीवनज्योती हा आयुर्विमा वर्षाला ४३६ रुपये. अटल पेन्शन १८ ते ४० वयात सुरू करता येते, इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना नाही. ई-श्रम कार्ड १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांना, आणि हो, स्वतःचा छोटा क्लास चालवणारी तुम्ही त्यात बसता. 'आपण काय मजूर आहोत का' म्हणून सोडू नका.

११. हॉलवाल्याने अचानक बाहेर काढलं तर?

तोंडी बोलीवर असाल तर फार काही करता येत नाही. मला एका संस्थेने असंच काढलं, सकाळी गेले तर दाराला नवीन कुलूप आणि बाहेर अंधारात वीस माणसं चटया घेऊन उभी. त्या दिवशी आम्ही व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर झाडाखाली बसलो. म्हणून सांगते, देवळाचा सभामंडप असू दे नाहीतर मंगल कार्यालय, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करा आणि महिन्याची आगाऊ सूचना त्यात घाला. नमुना आमच्याकडे आहे. लग्नसराईत हॉल मिळणार नाही ते दिवस पण त्यातच लिहून घ्या.

१२. माझं कन्नड कच्चं आहे. क्लास चालेल का? बोर्ड कुठल्या भाषेत?

चालतो. बी. के. एस. अय्यंगार मूळचे कर्नाटकातल्या बेळ्ळूरचे, १९३७ साली पुण्याला शिकवायला आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हतं, आणि पुढे तेच पुणं त्यांचं घर झालं. आपल्याला तर रोज बाजारात कन्नड कानावर पडतंच. माझ्या क्लासात 'श्वास घ्या' म्हटल्यावर मी लगेच 'उसिर तगोरी' म्हणते, 'सोडा' म्हटलं की 'बिडरी', आणि मागच्या रांगेतले गौडा काका माझा उच्चार सुधारतात. संघटनेने नेहमीच्या सूचनांची मराठी-कन्नड यादी केलीय, ती पाठ करा, माणसं खुश होतात. दुकानासारखं सेंटर असेल तर कर्नाटकच्या कायद्याप्रमाणे बोर्डावर ६० टक्के कन्नड लागतं, मराठी त्याच्यासोबत ठेवता येतं.

१३. डिग्री कोल्हापूरची, क्लास इकडे. चालते का? आणि कागदावर कुठे बेळगाव, कुठे बेळगावी.

शिवाजी विद्यापीठाची असू दे नाहीतर धारवाडची, मान्यताप्राप्त विद्यापीठाची डिग्री दोन्हीकडे चालते, वायसीबी तर देशभर. गावाचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालंय, जुन्या कागदावर जुनं नाव असणारच, त्याने सहसा अडत नाही. अडतं ते तुमच्या स्वतःच्या नावाने. आधारवर नवऱ्याचं नाव, मार्कशीटवर वडलांचं, कन्नडमधून इंग्रजीत जाताना आडनावाचं एक अक्षर गेलेलं. परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी हे सरळ करा, नंतर सर्टिफिकेट दुरुस्त करणं फार त्रासाचं.

१४. २१ जूनला, योग दिनाला, सगळे फुकट बोलावतात. जायचं का?

सरकारी सामूहिक कार्यक्रमाला आपण आनंदाने जातो, ४५ मिनिटांचा कॉमन योगा प्रोटोकॉल, म्हणजे सरकारने ठरवलेला आसनांचा क्रम, घेतो. पण खाजगी कंपन्या बॅनर, टीशर्ट, नाश्ता यावर खर्च करतात आणि शिक्षकाला गुच्छ देतात, तिथे मानधन मागा. मागायला जड वाटत असेल तर संघटनेचं पत्र न्या. आणि पैसे मिळाले की नाही ते कळवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्यांच्याकडे जाणाऱ्याला माहीत असेल. फीबद्दल बाकी सगळं प्रश्न ५ मधे आहे.

१५. विद्यार्थी किंवा शिक्षकच वाईट वागला, नको तिथे हात लावला, तर कोणाला सांगू?

आधी संघटनेत यासाठी असलेल्या दोघी बायकांपैकी एकीला, त्यांचे नंबर प्रत्येक सदस्याकडे असतात. तुमचं नाव पुढे जात नाही. सदस्य शिक्षकावर तक्रार असेल तर चौकशी होईपर्यंत त्याला आपण कुठेही पाठवत नाही, तो कितीही जुना असो. पण आम्ही कोर्ट नाही, आणि असली गोष्ट आपापसात मिटवायला मी कधीच सांगणार नाही. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे समिती असलीच पाहिजे, नसेल तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिसला विचारा, तक्रार तीन महिन्यांच्या आत द्या. मूल १८ च्या खालचं असेल तर पोलिसांना कळवणं हे पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, माहीत असलेल्या प्रत्येकावर बंधन आहे, मुलांच्या हेल्पलाईनला १०९८ वर पण फोन करता येतो. आणि आपण शिक्षकांनी आसन सुधारताना हात लावायच्या आधी विचारायचं, रोज, ओळखीच्या माणसाला पण.

१६. माझा आसनांचा क्रम दुसऱ्याने चोरला. केस करू का?

क्रमावर हक्क सांगता येणं फार अवघड आहे. अमेरिकेत गरम खोलीतल्या २६ आसनांच्या क्रमावर असाच दावा झाला होता, २०१५ साली तिथल्या कोर्टाने सांगितलं की आसनांचा क्रम कॉपीराइटमधे बसत नाही. तुमचा व्हिडिओ, तुमचं लिहिलेलं पत्रक मात्र तुमचंच, ते कोणी जसंच्या तसं उचललं तर कळवा. आणि मनातलं सांगू का, आपण सगळ्यांनी हे कोणाकडून तरी घेतलेलंच आहे.

१७. आमच्या तालुक्यात शाखा काढायची आहे. आणि संघटनेनेच गडबड केली तर?

शाखेला काही सोपस्कार नाहीत, पाच-सहा जण जमले की कळवा, आम्ही येतो. स्वतंत्र नोंदणी हवी असेल तर १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान ७ जण लागतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की वर्षाची सभा होते, जमाखर्च वाचला जातो, आणि कुठल्याही सदस्याला पावत्या बघायचा हक्क आहे. सभेत बोलायला जमत नसेल तर लिहून द्या. समाधान झालं नाही तर सोसायट्यांच्या रजिस्ट्रारकडे जाता येतं, त्याचा पत्ता पण आम्हीच देऊ. हिशेब विचारला म्हणून कोणी तुम्हाला टाकून बोललं तर मला फोन करा, संध्याकाळी सहानंतर मी असतेच.